टॅक्टाइल की लिनिअर? गेमिंगच्या स्विचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्यातल्या गेम खेळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. स्विच म्हणजे कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखालचा, ते दाबलं की सर्किट जुळवणारा भाग. कोणी पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायला निघालेलं असतं, कोणी दिवसभर हिंजवडीत कोड लिहून रात्री दोन तास व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळतं, तर कोणी स्विच बदलताना पिन वाकवून बसलेलं असतं. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम लावला आहे. जे एका उत्तरात आलं ते दुसऱ्यात पुन्हा दिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिनिअर, टॅक्टाइल आणि क्लिकी यांत बोटाला नक्की काय फरक जाणवतो?

लिनिअर बटण वरून खालपर्यंत एकसारखं जातं. स्प्रिंग दबत जाईल तसा जोर थोडा थोडा वाढतो, मध्ये काहीच लागत नाही. टॅक्टाइलमध्ये वाटेत एक अडथळा लागतो आणि तो ओलांडला की बटण क्षणभर सैल पडतं. यालाच सगळे ‘बंप’ म्हणतात. क्लिकीमध्ये बंपच्या जोडीला मुद्दाम केलेला ‘टिक’ आवाज असतो.

एखादा स्विच उघडून पाहिला तर हे पटकन कळतं. मधल्या रंगीत तुकड्याला स्टेम म्हणतात. त्याच्या एका बाजूला दोन छोटे पाय असतात आणि ते धातूच्या पातळ पातीला मागे रेटून धरतात. बटण दाबलं की पाय खाली सरकतात, पाती मोकळी होऊन समोरच्या संपर्काला टेकते आणि सर्किट जुळतं. लिनिअरच्या पायांचा उतार सपाट असतो. टॅक्टाइलच्या त्याच उतारावर एक गतिरोधक असतो, एवढाच काय तो फरक. फक्त हा गतिरोधक पुण्यातल्या गतिरोधकांसारखा मनाला येईल तिथे टाकलेला नसतो.

२. रेड, ब्राउन, ब्लू हे रंग सगळ्या कंपन्यांचे सारखेच असतात का?

नाही. ही रंगांची भाषा जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेतून आली. ही मालिका १९८० च्या दशकातली. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, केल, आउटेमू यांनी त्याच आराखड्यावर आपापले स्विच काढले. रेड, ब्राउन, ब्लू यांचा अर्थ बहुतेक ठिकाणी टिकला, पण त्यापुढे ज्याचे त्याचे रंग. गेटरॉन यलो लिनिअर आहे, रेझर ऑरेंज टॅक्टाइल, रेझर ग्रीन क्लिकी.

तुलनेसाठी चेरीचे आकडे लक्षात ठेवा. त्यात ‘नोंद’ म्हणजे बटण दाबलं गेल्याचं कीबोर्डला कळतं ती खोली, आणि सेंटीन्यूटन म्हणजे दाबायला लागणारा जोर. रेड: ४५ सेंटीन्यूटन, नोंद २ मिमीवर, एकूण प्रवास ४ मिमी. ब्लॅक तसाच लिनिअर, पण ६० सेंटीन्यूटन. ब्राउनला बंपवर ५५. ब्लूला ६०, नोंद २.२ मिमीवर. स्पीड सिल्व्हर ४५, पण नोंद १.२ मिमीवरच आणि एकूण प्रवास ३.४ मिमी. दुकानदार नुसता रंग सांगत असेल तर हे आकडे विचारा.

३. एकाच स्विचवर कुठे ५० ग्रॅम लिहितात, कुठे ६२. खरा आकडा कोणता?

बहुधा दोन्ही खरे असतात. एक बटण नोंदलं जातं त्या क्षणाचा जोर असतो, दुसरा बटण तळाला टेकवायला लागणारा. टॅक्टाइलमध्ये तिसरा आकडा बंपच्या माथ्याचा. जाहिरातीत सोयीचा तेवढाच छापतात. सेंटीन्यूटन आणि ग्रॅम व्यवहारात सारखेच धरा.

घरी मोजायचं असेल तर दहा रुपयांची नाणी घ्या. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. नोटपॅड उघडा आणि बटणावर एकेक नाणं अलगद ठेवत जा. कोणत्या नाण्याला अक्षर उमटतं ते पाहा: सहा नाणी म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम, सात म्हणजे ५४, आठ म्हणजे ६२. नाणी घसरत असतील तर सेलोटेपने जुडी बांधा. लिनिअर बटण दर नाण्याला जरा जरा खाली जातं. टॅक्टाइल बराच वेळ अडून राहतं आणि एका नाण्याला एकदम खाली बसतं. दोन्हींतला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर याहून सोपी युक्ती नाही.

४. लिनिअर खरंच वेगवान असतो का? किती मिलिसेकंद वाचतात?

दाबताना फारसे नाहीत. हिशेब करू. बोट सेकंदाला २०० मिमी वेगाने खाली जातंय असं धरलं, तर नोंदीच्या खोलीत ०.८ मिमीचा फरक (रेड आणि स्पीड सिल्व्हर यांच्यातला) म्हणजे ४ मिलिसेकंद. रेड आणि ब्राउन या दोघांची नोंद २ मिमीलाच होते, तिथे खोलीमुळे पडणारा फरक शून्य. बंप ओलांडताना बोट किंचित मंदावतं, पण घाईत जोरात मारलेल्या बटणावर तेही जवळपास जाणवत नाही.

आता वाटेतले बाकीचे टप्पे पाहा. धातूचे संपर्क टेकताना क्षणभर थरथरतात म्हणून कीबोर्ड थोडा वेळ थांबून खात्री करतो. याला डिबाउन्स म्हणतात. क्यूएमके या खुल्या फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) तो मुळात ५ मिलिसेकंद असतो. यूएसबीचा पोलिंग रेट (संगणक सेकंदाला किती वेळा कीबोर्डची खबर घेतो) १००० हर्ट्झ असेल तर जास्तीत जास्त १ मिलिसेकंद जातो, जुन्या १२५ हर्ट्झच्या कीबोर्डला ८. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर एका फ्रेमलाच १६.७ मिलिसेकंद लागतात, १४४ हर्ट्झला ६.९. म्हणून ६० हर्ट्झच्या मॉनिटरसमोर बसून स्पीड स्विचवर पैसे घालणं म्हणजे पंक्चर टायरवर रेसिंगचं पेट्रोल. आधी मॉनिटर बदला.

५. मग नेमबाजीच्या खेळात मुरलेले खेळाडू लिनिअरच का घेतात?

कारण खरा फरक बटण सोडताना पडतो. सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) किंवा व्हॅलोरंटमध्ये उजवीकडे पळताना थांबून गोळी मारायची तर डी सोडून क्षणभर ए दाबतात. डी वरचं बोट उचललं तरी तो स्विच जोवर ‘बंद’ होत नाही, तोवर खेळाच्या दृष्टीने तुम्ही डी दाबलेलाच असतो. बटण ज्या उंचीवर परत आल्यावर बंद होतं तो रीसेट बिंदू.

लिनिअरमध्ये नोंद आणि रीसेट जवळजवळ एकाच उंचीवर असतात. त्यामुळे बटण तिथल्या तिथे अर्धा-पाऊण मिमी वरखाली करून पुन्हा पुन्हा दाबता येतं. टॅक्टाइलमध्ये परत येताना पायाचा उंचवटा पातीवरून उलटा सरकवावा लागतो, आणि स्प्रिंग हलकी असेल तर बटण तिथे आळसावतं. चेरी ब्लूसारख्या क्लिकीत तर रीसेट नोंदीच्या बराच वर असतो, बटण चांगलं वर आल्याशिवाय दुसरी नोंदच होत नाही. नेमबाजीसाठी ब्लू नको म्हणतात ते मुख्यतः यासाठी. आवाजाचं दुखणं वेगळं.

तळ गाठण्याच्या सवयीचाही वाटा आहे. बटण ४ मिमी खाली गेलेलं असेल तर २ मिमीच्या रीसेटपर्यंत यायला २ मिमी वर यावंच लागतं, मग स्विच कोणताही असो. जोरात दाबून धरणाऱ्याला ६०-६५ ग्रॅमची लिनिअर स्प्रिंग ४५ वाल्यापेक्षा बरी पडते, ती बोट लवकर वर ढकलते.

६. बंप जाणवला म्हणजे बटण नोंदलं गेलं ना?

चेरी पद्धतीच्या स्विचमध्ये बंप आधी येतो आणि संपर्क नंतर जुळतो. नोटपॅड उघडून बटण अगदी हळू दाबा. बंप ओलांडल्यावर जरा पुढे गेल्यावरच अक्षर उमटेल. प्रत्यक्ष खेळताना बंप ओलांडल्यावर बोट आपोआप पुढे जातं म्हणून हे लक्षात येत नाही. मात्र बंपवर बोट टेकवून ‘तयार’ राहायची सवय असेल तर हे अंतर ओळखून ठेवा. बंप म्हणजे सूचना, पावती नव्हे.

७. कोणत्या खेळाला कोणता स्विच?

सीएस, व्हॅलोरंट: लिनिअर, कारण वर ५ मध्ये आहे. ओसूसारख्या तालाच्या खेळात दोनच बटणं सतत वाजवायची असतात, तिथे लिनिअरच, आणि जमलं तर मॅग्नेटिक (प्रश्न १२). डोटा २ किंवा लीग ऑफ लेजंड्समध्ये सेकंदाला दहादा बटण दाबायचं नसतं. तिथे एक चुकीचं स्पेल महागात पडतं, म्हणून टॅक्टाइल चांगला. टेकेन कीबोर्डवर खेळणाऱ्यांनी दिशांच्या बटणांना लिनिअर ठेवावा, हल्ल्याच्या बटणांना आवडेल तो. कार रेसिंग आणि मोकळ्या जगातले खेळ? कोणताही. तिथे स्विचवर वाद घालण्यात अर्थ नाही.

८. गडबडीत चुकून अल्टिमेट (पात्राची सगळ्यात मोठी शक्ती) दाबलं जातं. यावर स्विचचा काही उपाय आहे?

आहे, आणि कीबोर्ड हॉटस्वॅप (सोल्डर न करता स्विच उपटून बदलता येणारा) असेल तर अर्ध्या तासाचं काम. व्हॅलोरंटमध्ये मुळात सी, क्यू, ई आणि एक्स या बटणांवर अॅबिलिटी (पात्राच्या खास शक्ती) असतात, म्हणजे चालायच्या बटणांना अगदी खेटून. डब्ल्यू, ए, एस, डी ला ४५-५० ग्रॅमचे लिनिअर ठेवा आणि या चार बटणांना ६०-६५ ग्रॅमचे टॅक्टाइल लावा. डी वरून बोट घसरून ई वर गेलं तर बंप अडवतो, आणि बोटाला कळतं की आपण भलत्याच घरात शिरलोय.

कीबोर्डभर एकच स्विच असावा हा आग्रह कारखान्याच्या सोयीचा. चार-आठ स्विच बदलायला दहाचं एक पाकीट पुरतं.

९. दिवसा ऑफिस, रात्री गेमिंग आणि मध्येच मराठी टायपिंग. एकच कीबोर्ड पुरेल?

पुरेल, पण फार हलका लिनिअर घेऊ नका. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-रचनेवर मराठी टाइप करणाऱ्यांना हे लगेच पटेल. हलन्त डी वर असतो, आणि डी हे डाव्या मधल्या बोटाचं विश्रांतीचं ठिकाण. ३५-४० ग्रॅमच्या लिनिअरवर बोट नुसतं टेकलं तरी शब्दाच्या शेवटी फुकटचा पाय मोडून बसतो. शिवाय के वर क आणि शिफ्टसह ख, एल वर त आणि शिफ्टसह थ अशी रचना असल्याने करंगळी सतत शिफ्टवर असते. तिथे जड स्विच लावला तर तासाभरात करंगळी बोलू लागते.

तडजोड म्हणून ५० ते ५५ ग्रॅमचा लिनिअर, किंवा ब्राउनसारखा सौम्य टॅक्टाइल. शिफ्टला त्यातला सगळ्यात हलका. ब्राउनला बरेच जण ‘बारीक वाळू अडकलेला रेड’ म्हणून हिणवतात, आणि गेमिंगपुरतं ते फार खोटंही नाही. टायपिंगला मात्र तो तक्रार करू देत नाही.

१०. कर्वेनगरला पीजीत राहतो, रूममेट लवकर झोपतो. शांत स्विच घेतला तर खेळ बिघडेल का?

थोडा गुळमुळीत लागेल, बिघडणार नाही. सायलेंट लिनिअरच्या स्टेमला वर आणि खाली मऊ रबर असतं. त्यामुळे तळाला आपटण्याचा आणि बोट सोडल्यावर स्टेम वर आदळण्याचा, असे दोन्ही आवाज मरतात. बदल्यात एकूण प्रवास जरा कमी होतो (चेरी सायलेंट रेडचा ३.७ मिमी) आणि तळ चपलेच्या तळव्यासारखा लागतो. क्लिकी स्विच शांत करायच्या भानगडीत पडू नका, आवाज त्याच्या रचनेतच आहे.

निम्मा आवाज टेबलाचा असतो. प्लायच्या पोकळ टेबलावर कीबोर्ड ठेवला की तो ढोलासारखा घुमतो. खाली जाड डेस्कमॅट घाला, नाहीतर जुन्या सतरंजीची चौपदरी घडी. आधी हे करा, मग स्विच बदला.

११. स्पीड स्विच लावल्यापासून बटणं आपोआप दाबली जातात. खराब निघाले का?

बहुतेक वेळा नाही. १.२ मिमीवर नोंद म्हणजे बोटाचं वजन टेकायला आणि बटण लागायला फार फरक उरत नाही. बोटं टेकवून बसायची सवय असेल तर फक्त चालायच्या चार बटणांना स्पीड ठेवा, बाकी २ मिमीचे लावा. बोट न लावताही बटण लागत असेल तर प्रश्न १९ पाहा.

१२. हॉल इफेक्ट आणि रॅपिड ट्रिगर म्हणजे काय? साधा लिनिअर आता जुना झाला का?

या स्विचमध्ये धातूचा संपर्क नसतो. स्टेममध्ये चुंबक असतो आणि बटण किती खाली गेलं हे खालचा सेन्सर सतत मोजत राहतो. त्यामुळे नोंद किती खोलीवर व्हावी हे तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये ठरवता. रॅपिड ट्रिगरमध्ये ठरलेला रीसेट बिंदूच नसतो. बटण कुठेही असो, ठरवलेल्या अंतराएवढं वर आलं की बंद, तेवढंच खाली गेलं की चालू. प्रश्न ५ मधली अडचण यानेच सुटते. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने हे लोकप्रिय केलं, आता बऱ्याच स्वस्त कीबोर्डांतही आलं आहे.

सुरुवातीला डब्ल्यू, ए, एस, डी ला नोंद १.० ते १.२ मिमी आणि रॅपिड ट्रिगर ०.२ ते ०.३ मिमी ठेवा. बाकी बटणांना नोंद १.८ ते २ मिमी आणि रॅपिड ट्रिगर बंद. ०.१ मिमीच्या मोहात पडू नका. दाबून धरलेलं बोट तेवढं थरथरतंच, मग पळता पळता पात्र अडखळतं आणि दोष इंटरनेटला जातो. स्विच बदलल्यावर सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन करायला विसरू नका, नाहीतर खोलीचे आकडे चुकतात. एक मर्यादाही: हे जवळजवळ सगळे लिनिअरच असतात. बंप हवा असणाऱ्यांना इथे फारसं काही नाही.

१३. स्नॅप टॅप वापरलं तर बॅन बसतो का?

खेळावर अवलंबून आहे. ए दाबलेला असताना डी दाबला की ए आपोआप सुटतो, अशी ही सोय. रेझरने २०२४ च्या जुलैमध्ये ती आणली. सीएस २ मध्ये, तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशा मदतीला मनाई केली, पकडलं गेलं तर सामन्यातून बाहेर काढतात. रॅपिड ट्रिगर वेगळी गोष्ट आहे, त्यात तुमचं बोट जे करतं तेच पोचतं. कॉलेजच्या किंवा कॅफेच्या स्पर्धेत उतरताना आयोजकांना आधी लेखी विचारा आणि ती सोय कीबोर्डवरच बंद करून जा.

१४. हॉटस्वॅप कीबोर्डवर स्विच कसा बदलायचा? कोणताही बसतो का?

कोणताही नाही. धातूच्या संपर्काचा, ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारा) आणि मॅग्नेटिक असे तीन वेगळे संसार आहेत, एकाचा स्विच दुसऱ्यात चालत नाही. धातूच्या प्रकारात तीन पिनचे आणि पाच पिनचे स्विच असतात. बोर्ड तीन पिनचा आणि स्विच पाच पिनचा असेल तर कडेचे दोन प्लॅस्टिकचे पाय नेलकटरने सपाट कापा. धातूच्या पिनांना हात लावायचा नाही.

क्रम असा. केबल काढा. कीकॅप तारेच्या पुलरने सरळ वर ओढा. स्विच पुलरची टोकं वरच्या आणि खालच्या खाचेत घाला (डाव्या-उजव्या बाजूला नाही), दाबून धरा आणि हलवत वर काढा. नवा स्विच घालण्याआधी त्याच्या दोन्ही पिना सरळ आहेत का ते उजेडात पाहा, वाकड्या असतील तर चिमट्याने सरळ करा. मग बोर्डाला खालून बोटाचा आधार द्या आणि स्विच सरळ खाली दाबा. खालचा आधार महत्त्वाचा, तो नसला की सॉकेट बोर्डापासून सुटतं. सॉकेट अमर नसतात, केलच्या सॉकेटला १०० वेळा काढ-घाल सांगितलेली आहे. दर आठवड्याला स्विच बदलायचा छंद याच हिशेबात करा.

१५. स्विच बदलला आणि तेवढं एकच बटण बंद पडलं. आता?

दहापैकी नऊ वेळा पिन वाकून स्विचखाली चपटी झालेली असते. स्विच काढा, पिन सरळ करा, पुन्हा बसवा. तरी चालत नसेल तर केबल जोडलेली असताना सॉकेटच्या दोन्ही भोकांत चिमट्याची दोन टोकं घालून क्षणभर जोडा. अक्षर उमटलं तर बोर्ड ठीक, स्विच खराब. नाही उमटलं तर सॉकेट सुटलंय, बोर्ड उलटा करून त्याचे दोन्ही पाय सोल्डरने पुन्हा टेकवावे लागतील. यूएसबीचा दाब ५ व्होल्टच असतो, या चाचणीत शॉक बसत नाही. मात्र शेजारच्या भागांना टोक लावू नका, आणि मॅग्नेटिक बोर्डावर हा प्रयोग करायचाच नाही.

१६. हॉटस्वॅप नसलेल्या कीबोर्डचा स्विच बदलता येतो का?

येतो. मागचं झाकण उघडून त्या स्विचच्या दोन टाक्यांवर आधी थोडं नवं सोल्डर लावा (जुनं त्याने लवकर वितळतं), ३२० ते ३५० अंशांवर तापवा आणि सकरने ओढून घ्या. पिन भोकात मोकळी हलली की वरून स्विच निघतो. न हलता जोर लावला तर तांब्याचा गोल पट्टा उखडतो आणि एका स्विचचं काम बोर्डावर जातं. सकर, ०.८ मिमीची सोल्डरची तार आणि फ्लक्स पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतं. दोन-तीन स्विचपुरतं घरी करा. सगळेच ८७ किंवा १०४ बदलायचे असतील तर हॉटस्वॅप बोर्ड घेणं शहाणपणाचं.

१७. ल्यूब केल्याने गेमिंगमध्ये फरक पडतो का? कसं करायचं?

नोंदीचा वेळ बदलत नाही. घासण्याची खरखर जाते आणि स्प्रिंगचा ‘टिंग’ आवाज मरतो. परत येणारं बटण अडकल्यासारखं होत असेल तर तेही सुधारतं. लिनिअरला क्रायटॉक्स २०५ जी ० हे घट्ट वंगण, टॅक्टाइलला ट्रायबोसिस ३२०३ सारखं पातळ. ७० ते ९० स्विचना ५ मिलीची डबी उरून पुरते.

स्विच ओपनरने वरचं झाकण काढा. शून्य नंबरच्या ब्रशवर वंगण घेऊन डबीच्या कडेला पुसून टाका. ब्रश ओला दिसला तर वंगण जास्त झालंय. स्टेमच्या चारही बाजू (टॅक्टाइल असेल तर पाय सोडून) आणि खालच्या घरातल्या दोन उभ्या खाचांवर फक्त चमक येईल इतकंच फिरवा. स्प्रिंगा झिपच्या पिशवीत घालून क्रायटॉक्स १०५ तेलाचे चार-पाच थेंब टाका आणि दोन मिनिटं हलवा. स्वयंपाकघरातलं तेल, व्हॅसलीन, शिलाई मशीनचं तेल यांतलं काहीही नको. धूळ धरतं, चिकट होतं आणि काही प्लॅस्टिकना मऊ पाडतं. हात बसला की एका स्विचला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे ७० स्विचना एक अख्खी रविवार दुपार.

१८. ल्यूब केलं आणि टॅक्टाइलचा बंपच गेला. परत आणता येईल का?

येईल. स्टेमच्या दोन पायांवर वंगण लागलंय, आणि बंप तिथेच तयार होतो (प्रश्न १). स्विच उघडा, पाय आणि पाती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पाती फार हलक्या हाताने, ती वाकली तर स्विच गेला. सुकू द्या आणि पाय कोरडे ठेवून जोडा. लिनिअर मात्र जास्त वंगणाने मंद होतो, वर यायला रेंगाळतो. त्याला उपाय तोच.

१९. एकदा दाबलं की अक्षर दोनदा येतं. स्विच खराब की कीबोर्ड?

आधी स्विचची अदलाबदल करा. दोष स्विचबरोबर दुसऱ्या बटणावर गेला तर स्विच खराब, जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड. संपर्कात धूळ शिरली की असं होतं, आणि शेजारी बांधकाम चालू असलेल्या घरात धुळीला तोटा नसतो. पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या स्वस्त स्विचच्या संपर्कावर दमट हवेने पातळ थर बसतो, तो कधी कधी शंभर-दोनशे वेळा भराभर दाबल्यावर निघून जातो. नाही गेला तर स्विच उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर. फर्मवेअर परवानगी देत असेल तर डिबाउन्स ५ वरून १० मिलिसेकंद करून पाहा. ती मलमपट्टी आहे, स्विच आज ना उद्या बदलावाच लागेल.

२०. कीबोर्डवर अमृततुल्य चहा सांडला. काय करू?

लगेच केबल काढा, कीबोर्ड उलटा धरा, आणि पुसत बसण्याआधी सगळं निथळू द्या. वायरलेस असेल तर बटणाने बंद करा आणि उघडता आला तर बॅटरीही काढा. पाण्यापेक्षा चहा वाईट, कारण साखर आणि दूध सुकून स्टेमला चिकटतात. कीकॅप काढून कोमट साबणाच्या पाण्यात टाका. हॉटस्वॅप असेल तर भिजलेले सगळे स्विच काढा आणि बोर्ड मऊ ब्रश व आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. चहा आत गेलेले स्विच उघडून त्याच द्रवाने धुवा, सुकल्यावर पुन्हा ल्यूब करा. दोन-चारच असतील तर सरळ नवे लावा. किमान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास वाळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने साखर निघत नाही. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

२१. फक्त स्पेसबार खडखडतो. स्विच बदलू?

नको. तो आवाज बहुधा स्टॅबिलायझरच्या (लांब बटण दोन्ही टोकांना सारखं खाली नेणाऱ्या भागाच्या) तारेचा. तारेच्या दोन्ही टोकांना, जिथे ती प्लॅस्टिकमध्ये अडकते, तिथे २०५ जी ० भरपूर लावा. काटकसर फक्त स्विचमध्ये.

२२. शिफ्ट, डब्ल्यू आणि स्पेस एकत्र दाबलं की उडीच लागत नाही. लिनिअर घेतल्यावर सुटेल?

लिनिअर-टॅक्टाइलचा इथे संबंध नाही. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये (ज्यात स्वतंत्र स्विचऐवजी बटणांखाली एकच पातळ पडदा असतो) बटणं एकाच तारांच्या जाळ्यात असतात आणि काही त्रिकुटं एकत्र ओळखता येत नाहीत. प्रत्येक बटणाला स्वतंत्र डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला कीबोर्ड घ्या, खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेलं असतं. आणि पळता पळता अचानक विंडोजची खिडकी उघडत असेल तर ती शिफ्ट पाच वेळा दाबल्याने येणारी स्टिकी कीज. सेटिंग्जमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करा.

२३. माउस आणि गेमपॅडच्या बटणांतही लिनिअर-टॅक्टाइल असतं का?

माउसचं क्लिक मुळातच टॅक्टाइल असतं. आतला मायक्रोस्विच ताणलेल्या पातीवर चालतो, ती एका क्षणी उलटी फटकन बसते. त्यामुळे तिथे प्रकार निवडायचा नसतो, क्लिकचा जोर आणि बटणाची मोकळी हालचाल पाहायची. जुन्या माउसमध्ये एका क्लिकचे दोन व्हायला लागले की पाती थकलेली किंवा संपर्क काळवंडलेला असतो. तीन टाके काढून नवा मायक्रोस्विच बसवता येतो. गेमपॅडच्या साध्या बटणांखाली रबराचा घुमट असतो, तो दबताना कोसळतो तोच त्याचा बंप. झिजला की बटण पिचपिचीत होतं, आणि रबराची पट्टी बदलली की पूर्ववत.

२४. दुकानात दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात काय तपासायचं?

एक बटण मधोमध आणि मग कोपऱ्यावर दाबा. कोपऱ्यावर अडखळलं तर घासतंय. डोळे मिटून अगदी हळू दाबा: लिनिअरमध्ये कुठेही करकर लागता कामा नये, टॅक्टाइलमध्ये बंप सगळ्या बटणांना एकाच उंचीवर हवा. बोट तळापासून सावकाश उचला आणि बटण बोटाला चिकटून वर येतं का की मागे रेंगाळतं ते पाहा. स्पेसबार दोन्ही टोकांना वाजवून पाहा. दुकानदाराने पुढे केलेल्या चार बटणांच्या नमुना पट्टीवरून निर्णय घेऊ नका. तिथे मागे प्लेट नसते, केस नसते, आणि तोच स्विच कीबोर्डात बसला की वेगळाच लागतो.